बयाबाईंच्या थोड्या मीटिंगा

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एका संस्थेचं ऑफिस आहे. मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या बायकांना जनावरांची निगा शिकवायची, हे संस्थेचं काम. शिकवायचं म्हटलं की कोणी शिकलं का ते बघावं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. सुमंत सरांना तसं वाटत नसे. ते तिथले कार्यक्रम-प्रमुख, आणि त्यांच्या केबिनमध्ये भिंतभर एक पडदा. पडद्यावर सातारा-सांगलीतल्या झाडून सगळ्या कार्यकर्त्यांची नावं, नावापुढे महिन्यात किती मीटिंगा व्हायला हव्या होत्या, किती झाल्या, आणि शेवटी एक गोल. टार्गेट पुरं झालं तर हिरवा, नाही तर लाल. सर सकाळी आले की डबा ठेवायच्या आधी त्या पडद्यासमोर उभे राहत आणि लाल गोल मोजत.

नियम सोपा होता. प्रत्येक कार्यकर्त्याने महिन्याला आठ मीटिंगा घ्यायच्या. टीमच्या प्रमुखाने महिन्यातून चार वेळा प्रत्येकाबरोबर जाऊन काम बघायचं, चुकलं तिथे सांगायचं. ह्याला कोचिंग म्हणायचं. सलग तीन महिने गोल लाल राहिला की नाव कमी. सप्टेंबर लागला तेव्हा अख्ख्या पडद्यावर दोन महिने लाल असलेलं एकच नाव होतं. बयाबाई. मीटिंगा आठपैकी शून्य, कोचिंग चारपैकी शून्य.

हे शून्य तिथे लिहिलं होतं उमाने.

उमा कोरेगावच्या शाखेची टीमप्रमुख. वाईची, घाटावरच्या आळीत वाढलेली, खोटं लिहायचं म्हटलं की जिचा हात आपोआप थांबतो अशी. बयाबाईंना फोनवरचं ॲप जमत नसे, म्हणून दर शनिवारी उमा त्यांना फोन लावायची आणि आकडे आपण भरायची. निदान भरायचा प्रयत्न करायची.

"मावशी, ह्या आठवड्यात मीटिंगा किती झाल्या?"

"झाल्या की थोड्या."

"थोड्या म्हणजे किती?"

"आवं, झाल्या तेवढ्या झाल्या."

"बायका किती आल्या होत्या?"

"हायेत तेवढ्या आल्या."

"बरं, जंताचं औषध किती मेंढरांना पाजलं?"

इथे मात्र पलीकडून फोन बंद व्हायचा. रेंज गेली, असं बयाबाई पुढच्या शनिवारी सांगायच्या. पण रेंज नेमकी ह्याच प्रश्नाला कशी जाते, हे उमाला दोन महिन्यांनी कळलं.

औंधच्या पलीकडे, माळावर, बयाबाईंची लांडगेदऱ्याची वस्ती आहे. सगळी घरं मेंढपाळांची. आता ज्वारी-मटकी पण करतात, तरी जीव मेंढरांतच. तिथे जनावरांचा आकडा कोणी तोंडाने सांगत नाही. 'मेंढरं किती?' असं विचारलं तर 'हायेत थोडी' एवढंच उत्तर मिळतं, मग ती वीस असोत नाही तर दोनशे. आकडा तोंडाबाहेर पडला की कळप घटायला लागतो, असं जुनी माणसं मानतात. तिथला धुळा तर लग्नाला वीस वर्षं होऊनही आपली मेंढरं किती ते बायकोला बोलला नव्हता. बयाबाईंनी हीच रीत मीटिंगांनाही लावली होती.

आणि ॲपचं म्हणाल तर त्यात 'थोड्या' लिहायची सोयच नव्हती. चौकोनात आकडा नाही टाकला तर ते स्वतःच शून्य धरायचं. अंदाजाने पाच-सहा टाकून मोकळं व्हायचं सोडून उमाने दोन महिने तो चौकोन रिकामा ठेवला. प्रामाणिकपणाने एखाद्याचं इतकं वाटोळं करता येतं, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

कोचिंगच्या शून्याची कथा आणखी लाजिरवाणी. उमा दर महिन्याला चार वेळा बयाबाईंबरोबर हिंडायची, हे अगदी खरं. पण चुका दाखवायच्या कोणाला? साठीच्या बयाबाई मेंढीची पापणी अंगठ्याने खाली ओढून नुसत्या बघायच्या आणि 'हिला जंतांनी रगत कमी पडलंय, हिला पाजा. त्या पलीकडलीला नगा, ती नुसती आळशी हाय' असं सांगायच्या. उमाकडे डिप्लोमा होता. तो बॅगेत ठेवून ती मेंढ्यांच्या पापण्या ओढायला शिकली. मग मी ह्यांना शिकवलं, असं कोणत्या तोंडाने लिहायचं? तिने तेही रिकामं ठेवलं.

ह्याच टीममध्ये रविराज होता. कोरेगावच्या बाजारपेठेतला, तिशीचा, बोलायला गोड, औंध आणि आसपासची गावं त्याच्याकडे. त्याचा गोल इतका हिरवा की डोळे निवावेत. ऑगस्टमध्ये आठपैकी अकरा मीटिंगा, म्हणजे एकशे साडेसदतीस टक्के. सुमंत सर त्याचं नाव प्रत्येक बैठकीत घ्यायचे. त्याचं कोचिंगही चारपैकी चार होतं, आणि ते सगळं फोनवर झालं होतं. 'ताई, सगळं ओके आहे' असं तो म्हणायचा, 'बरं' असं उमा म्हणायची, झालं कोचिंग. रविराजच्या टक्क्यांनी शाखेची बेरीज सावरत होती आणि उमाला ते सोयीचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गणपती उठले आणि तिसऱ्या दिवशी सांगलीहून पत्र आलं. महिनाअखेरीला सुमंत सर स्वतः पाहणीला येणार. रविराजची मीटिंग बघणार, त्याला 'उत्कृष्ट कार्यकर्ता' म्हणून प्रशस्तिपत्र देणार. आणि बयाबाईंचा आकडा तोवर आला नाही, तर त्यांचं नाव कमी करण्याच्या कागदावर उमाने तिथेच सही करायची.

उमाने पत्र बॅगेत टाकलं. ती तशीच स्कूटरवर बसली आणि लांडगेदरा गाठला.

बयाबाई अंगणात वाघर शिवत बसल्या होत्या. मेंढरांभोवती लावायची ती जाळी, तिला कोल्ह्याने कुठे भोक पाडलं होतं. उमाने पत्र वाचून दाखवलं. बयाबाईंनी सुई थांबवली नाही.

"मावशी, एक आकडा सांगा हो. फक्त मला. मी कोणाला सांगणार नाही."

"मग घिऊन काय करनार?"

"सांगलीला पाठवणार."

"बगा की." बयाबाई हसल्या. मग सुई बाजूला ठेवून म्हणाल्या, "आवं म्याडम, मी काय लय मानते असं न्हाई. माझा ल्योक फौजेत हाय, त्यो तर ह्यास्नी हसतो. पर मी ज्यांच्या वाड्यावर जाते ती मानत्यात न्हवं? बया सांगलीला आकडं धाडती, असं कळलं तर मला वाघरीच्या आत कोन घील? आनि आतच घेतलं न्हाई, तर मेंढरू बगू कसं?"

उमा शेजारी अंगणातच टेकली. इतके दिवस ती हा हट्ट समजत होती. हा हट्ट नव्हता, ह्या बाईचं सगळं कामच त्यावर उभं होतं.

"नाव कमी केलं तर?" तिने विचारलं.

बयाबाईंनी पुन्हा सुई उचलली. "मग माझी ही पेटी जाईल," त्या म्हणाल्या. पेटी म्हणजे संस्थेने दिलेली औषधांची निळी पेटी. ती त्यांनी देव्हाऱ्याखाली ठेवली होती, हळदीकुंकू लावून. "औशिद नसंल तर नुसतं बगून काय करायचं? वाईट वाटंल. लय वाईट वाटंल, म्याडम."

त्या रडल्या नाहीत, पण उमालाच रडू आलं. घरी आल्यावर तिने ॲप उघडलं, बयाबाईंच्या चौकोनात आठ टाकला, पुसला, पुन्हा टाकला, पुन्हा पुसला. शेवटी चौकोन होता तसाच ठेवून तिने फोन पालथा घातला.

इकडे रविराजच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फोटो पाठवणं वेगळं आणि साहेबांसमोर जिवंत मीटिंग भरवणं वेगळं. त्याची युक्ती अशी होती: औंधाजवळच्या एका लिंबाखाली पंधरा बायका महिन्यातून दोन-तीनदाच जमवायच्या, दर वेळी चहा पाजायचा आणि एका दुपारी चार फोटो काढायचे. एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून, एकदा पदर डोक्यावर घेऊन, एकदा छत्र्या उघडून. आणि दोन-तीन दिवस थांबून एकेक पाठवायचा. पण ह्या बायकांना त्याने आजवर चहाशिवाय काही दिलं नव्हतं. मेंढीला जंत होतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते रविराजमुळे नव्हे. त्यातून नेमकी पाहणीच्याच दिवशी गावात लग्नाची सुपारी फोडायची होती. एकही बाई यायला तयार होईना.

मग गड्याने शक्कल लढवली. तो बयाबाईंकडे गेला.

"मावशी, तुमच्या बायका एक दिवस द्या. माझं नाक राहील."

बयाबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "घिऊन जा की. पर मी बी येनार."

"या की! फक्त साहेबांनी विचारलं तर एवढंच सांगायचं, मीटिंगा आठ झाल्या. आठ. जमेल ना?"

"सांगते बायास्नी," बयाबाई म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय चमकलं ते रविराजने बघितलं नाही. तो टेम्पो कोणाचा मिळेल ह्याच विचारात होता.

पाहणीच्या दिवशी लिंबाखाली पोचल्यावर उमाला हे सगळं दिसलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. धुळाच्या छोटा-हत्ती टेम्पोतून लांडगेदऱ्याच्या बायका एकेक करून उतरत होत्या. सगळ्यांत शेवटी बयाबाई उतरल्या, निळी पेटी काखेत घेऊन. उमाने डोळ्यांनीच 'हे काय?' असं विचारलं. बयाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या लिंबाच्या शेंड्याकडे बघत राहिल्या.

सुमंत सर विट्यावरून आले, हातात टॅबलेट, खिशात दोन पेनं. सतरंजीवर बसले आणि थेट मुद्द्यावर आले.

"काय ताई, ह्या महिन्यात रविराज सरांच्या किती मीटिंगा झाल्या?"

पहिलीने रविराजकडे बघितलं. रविराजने सरांच्या पाठीमागून आठ बोटं दाखवली. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "झाल्या की थोड्या."

सरांनी दुसरीला विचारलं. "थोड्या," दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली, "झाल्या तेवढ्या झाल्या." रविराज मागे उभा राहून आठ बोटं नाचवत होता. चौथीने ती बोटं बघून सहानुभूतीने विचारलं, "हाताला मुंग्या आल्या का वं?"

उमाला हसू दाबताना ठसका लागला.

"बरं, तुमच्या गटात बायका किती?" सरांचा आवाज चढला.

"हायेत तेवढ्या."

"मेंढरं किती?"

बायका एकदम सतरंजीचे धागे ओढायला लागल्या. टेम्पोजवळ बिडी ओढत उभा असलेला धुळा पुढे आला. "सायेब, पानी पिता का?" त्याने विचारलं. त्या मुलखात ह्याचा अर्थ, हा विषय आता पुरे.

सुमंत सरांनी टॅबलेट खाली ठेवला. ते आकड्यांचे वेडे होते, पण बिनडोक नव्हते, हे इथे सांगायला हवं. लिंबाला एक शेळी बांधली होती. लिंबाच्या मालकिणीची, कबरी, एका शिंगाची. सर तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी टॅबलेटवर रविराजचे फोटो उघडले आणि एकेक सरकवू लागले.

"रविराज," ते म्हणाले, "तुमच्या ऑगस्टच्या अकराही मीटिंगांना ही हजर आहे. बायका इकडच्या तिकडे होतात, हिची जागा हलत नाही. छत्र्या उघडल्या त्या पावसात तर हिची लख्ख सावली पडली आहे."

रविराजने बोटं खिशात घातली. कोणी हसलं नाही, एवढ्या त्या बायका भल्या होत्या.

"आणि ह्याचं कोचिंग चारपैकी चार," सर उमाकडे वळले. "ते तुम्ही केलंत?"

"फोनवर केलं, सर," उमा म्हणाली. तिची मान खाली गेली होती. "म्हणजे केलंच नाही. माझी चूक आहे. त्याचे आकडे मला बरे वाटायचे."

"आणि बयाबाईंचं चारपैकी शून्य. तिकडे गेलाच नाहीत?"

"गेले, सर. चार वेळा गेले. पण शिकवलं त्यांनी, ह्या बसल्यात ना, ह्यांनी. शिकले मी. ते कुठल्या चौकोनात भरायचं ते मला कळलं नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बयाबाईंच्या समोर जाऊन बसले. "आजी, आकडा नको. मीटिंगांमध्ये काय काय झालं, तेवढं सांगा."

"मंग असं इचारा की!" बयाबाई मांडी घालून सावरून बसल्या. "पयली धुळाच्या वाड्यावर झाली. त्याचा काळा एडका पोट फुगून पडलेला. त्याला तेल पाजलं, आनि समद्या बायास्नी पोट कसं चोळायचं ते दावलं. ही कमळी तवा भ्याली हुती, आता तीच चोळती. मग बिरोबाच्या पारावर. पाऊस आला, आमी देवळात शिरलो, पुजारी वराडला. तितं औशदाचं माप शिकिवलं. मग राजनंदिनीच्या दारात. तिची सासू आन् ती बोलत नव्हत्या. एक कोकरू दोगींनी मिळून धरलं, तवापासनं बोलत्यात…"

कोकरं, एडके, सासवा, भांडणं, पाऊस. एकामागून एक मीटिंग येत राहिली. कुठे चुकलं तर बाकीच्या बायका मध्येच सांगायच्या, 'न्हाई, ती आधी झाली, मटकी खुरपायच्या दिवशी.' सर मांडीमागे बोटं दुमडून मोजत होते. दोन्ही हातांची बोटं संपली तसे त्यांनी बाजूचे खडे उचलून सतरंजीच्या कडेला मांडायला सुरुवात केली.

"सायेब," धुळा हळूच म्हणाला, "खडं मांडू नगा."

सरांनी चपापून हात मागे घेतला. मग एकेक खडा गुपचूप पँटच्या खिशात टाकू लागले. बयाबाई बोलायच्या थांबल्या तेव्हा त्यांचा खिसा चांगलाच लोंबत होता.

"आजी, तुम्ही मला आकडा सांगितला का?" त्यांनी उठत विचारलं.

"न्हाई बा."

"मीही इथे बोललो नाही. खिशात काय आहे ते मी सांगलीला जाऊन बघेन." त्यांनी बॅगेतून नाव कमी करण्याचा कागद काढला, दोनदा दुमडला आणि खड्यांच्या वरच कोंबला.  उमाने सगळ्यांसमोर बयाबाईंचा हात घट्ट धरला. प्रशस्तिपत्राची गोष्ट कोणी काढली नाही. ते सतरंजीवर राहिलं होतं आणि कबऱ्या शेळीने निम्मं खाल्लं होतं.

जाता जाता सरांनी एक हुकूम केला. पुढच्या महिन्यापासून रविराजचं कोचिंग बयाबाई करणार. आठवड्याला एकदा, माळावर, फोनवर नाही. आणि किती झालं ते उमा शनिवारी विचारणार.

पहिल्या शनिवारी उमाने फोन लावला. रविराज बूट घालून आला होता आणि मेंढ्यांच्या मुतात घसरला होता, एवढं तिला आधीच कळलं होतं.

"मावशी, रविराज काय शिकला?"

"शून्य," बयाबाई म्हणाल्या.

उमा चमकली. इतक्या दिवसांत त्या बाईच्या तोंडून आलेला हा पहिला आकडा होता. "मावशी, तुम्ही आकडा सांगितलात!"

"व्हय, लिवा बिनघोर. हितं घटायला हायेच काय?"

दुसऱ्या शनिवारी पण शून्यच. तिसऱ्या शनिवारी बयाबाई म्हणाल्या की त्याला एका मेंढीने लाथ घातली, पण त्याने पाय सोडला नाही. उमाने विचारलं, मग काय लिहू? त्या म्हणाल्या, अजून शून्यच लिवा, घाई नगं.

चौथ्या शनिवारी फोनवर पलीकडून मेंढरांचा गलका येत होता आणि त्यात रविराजचा आवाज, कोणाला तरी ओरडून सांगत होता, "आवं, पापणी खाली वडा, तिला रगत कमी हाय!"

"मावशी," उमाने विचारलं, "आता किती शिकला?"



"आकडा इचारू नगा, म्याडम," बयाबाई म्हणाल्या आणि रेंज गेली.